टाळ्यांनी कला रुजत नाही : कराटे, मल्लखांब आणि गोंदिया

१/
सन १९३६. एकाच वर्षात दोन देशी व्यायामकला जगाच्या उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिल्या. बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीत मल्लखांब, कबड्डी आणि इतर भारतीय खेळांचे प्रयोग करून दाखवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकिनावा बेटावरील नाहा शहरात तेथील ज्येष्ठ कराटेगुरू एकत्र जमले आणि आपल्या कलेचे नाव यापुढे कोणत्या अक्षरांत लिहावे, यावर त्यांनी विचारविनिमय केला.

२/
पुढे काय झाले, ते सर्वांसमोर आहे. आमगाव किंवा तिरोड्याच्या शाळकरी मुलाला कराटे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मात्र भरली २०१९ साली. बर्लिनच्या त्या प्रयोगांनंतर तब्बल ८३ वर्षांनी. दोन्ही कलांच्या गुणवत्तेत फरक होता म्हणून हे अंतर पडले काय? तसे म्हणणे कठीण आहे. फरक पडला तो शिक्षकांमुळे. प्रयोग करून परतणारे पथक आणि परमुलखात मुक्काम ठोकणारा गुरू, या दोहोंतील हे अंतर आहे. या धाग्याचे प्रतिपादन एवढेच. आणि त्याचा संबंध गोंदियासारख्या जिल्ह्याशी थेट पोहोचतो.

३/
प्रथम ओकिनावा. हे बेट म्हणजे जुन्या र्‍युक्यू राज्याचा गाभा. १८७९ मध्ये जपानने ते राज्य खालसा केले. तेथील हातापायांची युद्धविद्या तोवर मोजक्या शिष्यांना, बहुधा एकांतात, शिकवली जाई. इतोसू आन्को या गुरूने ती १९०१ च्या सुमारास शाळेच्या अंगणात आणली. मुलांना पेलतील असे सोपे कवायतीचे क्रम त्यांनी बांधले आणि १९०८ मध्ये या विद्येचे शैक्षणिक मोल सांगणारे दहा कलमी पत्र लिहिले. गुप्त विद्या ‘विषय’ झाली, म्हणजे तिला वेळापत्रक मिळाले आणि शिक्षकही मिळाला. पुढील सर्व प्रसाराची पायाभरणी येथे झाली.

४/
इतोसूंच्या शिष्यांपैकी एक गिचिन फुनाकोशी. जन्म १८६८, पेशाने शाळामास्तर. १९२२ मध्ये टोकियोतील एका क्रीडाप्रदर्शनात आपल्या बेटाची ही विद्या दाखवण्यासाठी ते गेले. बेत प्रयोग करून परतण्याचा होता. मात्र जूदोचे जनक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत प्रयोगासाठी बोलावले. इतरांनीही शिकवण्याचा आग्रह धरला. आणि वयाची पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ टोकियोतच राहिला. ओकिनावातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एका लहानशा खोलीत त्यांचा मुक्काम असे. पोटासाठी त्यांनी तेथे झाडलोट केली, बागेची निगा राखली.

५/
कराटेच्या इतिहासात या झाडलोटीला टोकियोतील प्रयोगाइतकेच महत्त्व दिले पाहिजे. प्रयोग एका दिवसात आटोपला होता. राहण्याचा निर्णय मात्र रोज नव्याने घ्यावा लागत होता. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचा पहिला विद्यापीठीय संघ सुरू झाला. मागोमाग इतर विद्यापीठांत संघ निघाले. जूदोकडून पांढरा पोशाख आणि पट्ट्यांची श्रेणीपद्धती घेण्यात आली. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडत आणि जेथे नोकरी लागे तेथे कराटे घेऊन जात.

६/
नावाचेही असेच. ‘कराटे’तील पहिले अक्षर पूर्वी चीनचा निर्देश करणारे होते, ‘चिनी हात’ असा त्याचा अर्थ. तोच उच्चार ठेवून ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर योजले गेले आणि ‘रिकामा हात’ हे नाव रूढ झाले. १९३६ ची नाहा येथील बैठक याच बदलासाठी होती. त्यामागे त्या काळच्या जपानी राष्ट्रवादाचे दडपण होते, हे नाकारता येत नाही. परंतु त्यातून आणखीही एक गोष्ट दिसते. परमुलखात विद्या रुजवायची तर तिच्या काही खुणा बदलाव्या लागतात, हे ओकिनावाच्या गुरूंनी स्वतःच मान्य केले होते.

७/
आता सागरापलीकडचा प्रवास. गोजू-र्‍यू या शैलीचे प्रवर्तक मियागी चोजुन १९३४ मध्ये हवाई बेटांवर गेले. तेथे ओकिनावातून आलेल्या मजुरांची मोठी वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन स्थापन झाली आणि १९५६ मध्ये तिने एक निराळीच गोष्ट सुरू केली. खेळाडू घडवण्याचे वर्ग होतेच. आता शिक्षक घडवण्याचा स्वतंत्र आणि खडतर वर्ग निघाला. शिकवायचे कसे, हेच तेथे शिकवले जाई.

८/
त्या परंपरेतील माणसे पुढे कोठे कोठे गेली, ते पाहण्यासारखे आहे. १९६१ मध्ये निशियामा हिदेताका लॉस एंजेलिसला, ओकाझाकी तेरुयुकी फिलाडेल्फियाला, कानाझावा हिरोकाझू हवाईला. १९६५ मध्ये कानाझावा आणि एनोएदा केइनोसुके ब्रिटनला, शिराई हिरोशी इटलीला. यांतील बहुतेकांनी परदेश हीच कर्मभूमी मानली. एनोएदा यांनी आधी लिव्हरपूल आणि मग लंडन येथे २००३ मधील मृत्यूपर्यंत शिकवले. निशियामा २००८ पर्यंत लॉस एंजेलिसमध्ये होते. भाषा तोडकीमोडकी, अन्न परके, हवा कडाक्याची. आणि संध्याकाळचा वर्ग ठरल्या वेळी सुरू.

९/
गोजू-र्‍यूचे हिगाओन्ना मोरिओ यांनी १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि पुढील कित्येक दशके देशोदेशी फिरून शिष्यांची घडी बसवली. ते फिरते गुरू होते. परंतु ते ज्या ज्या गावी जात, तेथे त्यांचा एक स्थायी शिष्य वर्ग चालवत असे. आज आलेला गुरू उद्या जाणार असेल, तर परवाचा वर्ग कोण घेणार, या प्रश्नाचे उत्तर तयार असल्याखेरीज ही माणसे गाव सोडत नसत.

१०/
येथे एक आक्षेप रास्त आहे. कराटेच्या पाठीशी केवळ गुरूंची निष्ठा नव्हती. १९४५ नंतर ओकिनावावर अमेरिकेचा ताबा होता आणि तो १९७२ पर्यंत राहिला. तेथे तैनात असलेले सैनिक कराटे शिकून मायदेशी परतले. १९५३ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने आपली माणसे जपानी युद्धकला शिकण्यासाठी टोकियोला धाडली होती. पुढे १९७३ चा ‘एन्टर द ड्रॅगन’ आला आणि जगभरची पोरे हवेत लाथा मारू लागली. सत्ता, युद्ध आणि सिनेमा यांचा वाटा मोठाच होता.

११/
तरीही हा आक्षेप अर्धाच खरा ठरतो. सिनेमा पाहून उत्साहाने निघालेला मुलगा कोणत्या तरी दारापर्यंत पोहोचतो; ते दार उघडे असावे लागते आणि आत कोणी तरी शिकवणारा असावा लागतो. ब्रूस लीचा चित्रपट झळकला, तेव्हा ब्रिटन-अमेरिकेत असे दार दहा-बारा वर्षांपासून उघडे होते. चित्रपटातील विद्या तर कराटेही नव्हती, ती चिनी परंपरेतली होती. लाट आली ती एका कलेची आणि भरले वर्ग दुसऱ्या कलेचे, कारण शिक्षक दुसऱ्या कलेचे हजर होते. यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

१२/
आता मल्लखांब. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या स्तंभाचा उल्लेख येतो. आजच्या मल्लखांबाचे श्रेय मात्र परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना देते. निजामाच्या राज्यातून आलेल्या मल्लांचे आव्हान त्यांनी स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीच्या सान्निध्यात साधना केली आणि माकडाच्या चपळाईवरून खांबावरच्या पकडी बसवल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका आख्यायिकेच्या जागी ठेवू. खरे लक्ष द्यायला हवे ते त्यानंतरच्या प्रवासाकडे.

१३/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दुसरा बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला गेला. परंपरेनुसार बाळंभटदादाही त्याच्यामागे उत्तरेत गेले; तेथून त्यांची आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांची विद्या काशीला पोहोचली. राजाने राज्य गमावले, परंतु गुरूने आखाडा गमावला नाही. ग्वाल्हेर, उज्जैन, झाशी, वडोदरा अशी जी मराठी वस्तीची ठिकाणे उत्तरेत व पश्चिमेत होती, त्यांच्या आधाराने मल्लखांब पसरत गेला. म्हणजे मल्लखांबाचा पहिला ‘परमुलखातील’ प्रसारही मुक्काम करणाऱ्या गुरूंनीच केला.

१४/
वडोदऱ्यात जुम्मादादांचा आखाडा होता. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी ती परंपरा पुढे नेली. मुसलमान उस्तादाच्या नावाने हिंदू शिष्याने व्यायाममंदिर चालवावे, यात त्या काळच्या तालमीची संस्कृती दिसते. त्याच शहरातून द. चिं. मुजुमदार यांनी मराठीत दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. फुनाकोशींनीही १९२२ मध्येच कराटेवर पुस्तक लिहिले होते. विद्या लिहून ठेवली की गुरूच्या अनुपस्थितीतही तिला एक आधार मिळतो, हे दोन्हीकडे कळलेले होते.

१५/
वर्‍हाडात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून वाढले. मंडळाचे वैशिष्ट्य होते त्याचे उन्हाळी वर्ग. शाळांना सुटी लागली की ठिकठिकाणचे तरुण व शिक्षक तेथे येत, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती शिकत आणि ‘व्यायाम विशारद’ होऊन आपापल्या गावी परतत. जपानने १९५६ मध्ये जे केले, त्याचे बीज अमरावतीने देशांतर्गत पातळीवर आधीच पेरले होते. देशी व्यायामाला शिक्षक हवा, ही जाण विदर्भाला नवी नाही.

१६/
मग बर्लिनच्या प्रयोगांतून युरोपात मल्लखांब का रुजला नाही? दोष पथकाचा नव्हे. भारत परतंत्र होता. परदेशी राहून शिकवणाऱ्या मल्लखांबपटूला आधार देणारे सरकार नव्हते, विद्यापीठ नव्हते, स्थलांतरितांची वस्ती नव्हती. यजमान देश तर नाझी राजवटीखाली होता आणि तीनच वर्षांत महायुद्ध पेटले. प्रयोग झाले, कौतुक झाले, पथक परतले. परतताना मागे एखादा खांब राहिला असता, तरी त्यावर पहिली सलामी कशी द्यायची, हे सांगणारा कोणी राहिला नसता.

१७/
‘गुरू गेला की कला रुजते’ असे सरधोपट सूत्र मात्र मांडता येणार नाही. त्याला छेद देणारे उदाहरण भारतातच आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९०५ मध्ये सानो जिन्नोसुके आणि १९२९ मध्ये ताकागाकी शिन्झो हे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात आले. ताकागाकी हे जूदोचे निष्णात शिक्षक. मुलींनीही ही विद्या शिकावी, असा रवींद्रनाथांचा आग्रह होता. निमंत्रक थोर, गुरू अव्वल, विद्यार्थी उत्सुक. तरीही पैशाची ओढाताण झाली, गुरू निघून गेला आणि कराटेसारखा अखंड शिष्यप्रवाह तेथून निघाला नाही.

१८/
म्हणून सूत्र थोडे नेमके करावे लागते. गुरूने शिष्य घडवणे पुरेसे नाही. शिष्यांतून पुढचा गुरू घडला पाहिजे. पहिला गुरू परका असतो, दुसरा गुरू त्याच मातीतला असावा लागतो. शांतिनिकेतनात पहिली पायरी झाली, दुसरी राहून गेली. लिव्हरपूल-फिलाडेल्फियात दोन्ही झाल्या. दोन्ही पायऱ्या चढायला सामान्यतः वीस-पंचवीस वर्षे लागतात. आणि वार्षिक अहवालात मांडण्यासारखे त्या काळात फारसे काही घडत नाही.

१९/
मल्लखांबाने ही दुसरी पायरी अलीकडे चढली. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये काळे गुरुजींनी स्थापन केले. तेथील प्रमुख प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अनेक दशके तेथे मुलांना शिकवले. दृष्टिहीन आणि दिव्यांग मुलांनाही खांबावर व दोरीवर चढवले. सुमारे ५० देशांतील लोकांनी त्यांच्याकडे धडे घेतले. शिकून गेलेल्यांनी आपापल्या देशात वर्ग सुरू केले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

२०/
फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि त्यात १५ देशांचे खेळाडू उतरले. अमेरिकेतील मराठी कुटुंबांची मुले होती. तशीच महाराष्ट्राशी कोणतेही नाते नसलेली जर्मन आणि जपानी मंडळीही होती. या दुसऱ्या गटाचे महत्त्व अधिक. मायदेशाच्या ओढीने मुलाला मल्लखांबाला घालणारे पालक कला जपतात. ज्याला ती ओढ नाही, तो निव्वळ कलेसाठी येतो. आणि तो टिकला, तरच ती कला त्या देशात रुजली असे म्हणता येते.

२१/
येथे अनेकांचा ऊर अभिमानाने भरून येतो आणि पाठोपाठ एक भीतीही डोकावते. परदेशी लोक संगीतावर, रंगमंचावर, सर्कशीच्या अंगाने मल्लखांब करू लागले, तर ‘आपला’ मल्लखांब उरणार का? ही भीती इतिहासाला धरून नाही. दोरीचा मल्लखांब पूर्वी वेतावर केला जाई. योग्य वेत मिळेनासा झाला, तेव्हा सुती दोर आला. त्या दोरानेच पुढे हजारो मुलींना या कलेत आणले. पुरलेला, टांगता, निराधार हे प्रकारही कोणी तरी कधी तरी नव्याने घडवलेलेच आहेत. बदल हा या कलेचा स्वभाव आहे.

२२/
ओकिनावाचे उदाहरण पुन्हा पाहावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, कराटेच्या काता प्रकारात पुरुषांचे सुवर्ण ओकिनावाच्या किउना र्‍यो याने जिंकले. स्त्रियांचे सुवर्ण मात्र स्पेनच्या सांद्रा सांचेझ हिने जपानी प्रतिस्पर्धी शिमिझू कियोउ हिला हरवून नेले. तेही टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये, जपानी युद्धकलांच्या घरातच. जपानचा हा पराभव म्हणावा की जपानी गुरूंचा विजय? पन्नास-साठ वर्षांपूर्वी युरोपात उतरलेल्या शिक्षकांना विचारले असते, तर बहुधा दुसरे उत्तर मिळाले असते. परक्या मातीतला शिष्य मायभूमीला हरवू लागला, म्हणजे शिकवणे पूर्ण झाले.

२३/
गुरुकेंद्री प्रसाराला किंमतही मोजावी लागते. १९५७ मध्ये फुनाकोशी वारले आणि त्यांच्या शिष्यांत फूट पडली. पुढे संघटनांतून संघटना निघाल्या. ‘खरी परंपरा आमचीच’ हा वाद कराटेत आजही शमलेला नाही. माणसाभोवती उभी राहिलेली विद्या माणसाच्या मानापमानाशीही बांधली जाते. मल्लखांबाने यातून धडा घ्यावा : श्रेणी, नियम आणि शिक्षकांची परीक्षा यांची घडी लेखी व सामाईक असावी. गुरू हवा, पण विद्या गुरूच्या खिशात नको.

२४/
आता गोंदिया. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला आहे. बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशाचा बालाघाट. सालेकसा-देवरीच्या पुढे छत्तीसगड. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच होता. आणि गंमत पाहा : मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा २०१३ मध्ये दिला तो नदीपलीकडच्या मध्य प्रदेशाने. उज्जैनच्या आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या गुरुपरंपरेचे ते फळ होते.

२५/
छत्तीसगडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. नारायणपूरच्या अबूझमाड भागात, जेथे दीर्घकाळ बातमी म्हणजे केवळ बंदुकीची बातमी असे, तेथे मनोज प्रसाद या पोलीस दलातील जवानाने आदिवासी मुलांना मल्लखांब शिकवायला सुरुवात केली. त्या मुलांच्या चमूने २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकले. देशाने टाळ्या वाजवल्या त्या अंतिम फेरीला. त्याआधी, कोणी पाहत नसताना, एक माणूस रोज मैदानावर येत होता. झाडावर सरसर चढणाऱ्या मुलांना खांब परका वाटला नाही; त्यांना कमी होती ती केवळ शिकवणाऱ्याची.

२६/
गोंदियातील मुले काही निराळी नाहीत. साग तर नागझिरा-नवेगावच्या रानांत आहेच. दोरीच्या मल्लखांबाला तर शाळेच्या पटांगणातील एखादी भक्कम फांदी, तपासून घेतलेला दोर आणि खाली जाड गादी एवढ्यावर सुरुवात होते. साधनांची अडचण खरी नव्हे. आणि अंतराचीही नव्हे. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस अमरावतीच्या उंबरठ्यावरील बडनेऱ्यावरून जाते आणि मुंबई गाठते. आखाड्यांची ही दोन मोठी ठिकाणे एकाच गाडीच्या वाटेवर आहेत. प्रश्न आहे तो त्या गाडीने जाऊन, शिकून, परत येऊन येथेच राहणाऱ्या माणसाचा.

२७/
झाडीपट्टीला हा विचार परका वाटू नये. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. मंडईत एखादा खेळ येतो, लोक थक्क होतात, दुसऱ्या दिवशी खेळकरी पुढच्या गावाला निघून जातो. दंडार मात्र गावातच राहते; कारण धानाची कामे उरकल्यावर रात्री तालीम घेणारा जाणता गावातच राहतो. आज एखाद्या क्रीडा महोत्सवात बाहेरून पथक बोलावून मल्लखांबाचे प्रयोग घडवले जातात, तेव्हा तो मंडईचा मार्ग असतो. हवा आहे तो दंडारीचा मार्ग.

२८/
म्हणून मागणी नेमकी असावी. २०२२ पासून खेलो इंडिया युवा स्पर्धा आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा या दोन्हींत मल्लखांबाला स्थान मिळाले आहे. सागर ओव्हळकर यांच्या रूपाने अर्जुन पुरस्कारही आला आहे. पदकांची वाट खुली झाली. अशा वेळी जिल्ह्याचा पैसा एका दिवसाच्या सोहळ्यावर घालवावा, की प्रत्येक तालुक्यातून एक तरुण आणि एक तरुणी निवडून त्यांना शिक्षक म्हणून घडवावे? आठ तालुके, सोळा शिक्षक. त्यांना किमान पाच वर्षे नियमित मानधन, आणि प्रत्येकावर एकच अट : पाच वर्षांच्या अखेरीस आपल्यासारखे दोन शिक्षक उभे करायचे.

२९/
यावर कोणी म्हणेल की गोंदियात आधी धानाला भाव हवा, दवाखान्यात डॉक्टर हवा, शाळेत गणिताचा शिक्षक हवा. मल्लखांबाची चैन कशाला? आक्षेप हलका नाही. परंतु शाळेत खेळाचा शिक्षक नसणे आणि गणिताचा शिक्षक नसणे, ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत. दोन्हीकडे इमारत उभी राहते, उद्घाटन होते आणि रोज येणाऱ्या माणसासाठी तरतूद उरत नाही. एका ठिकाणी ही खोड मोडली, तर दुसऱ्या ठिकाणी ती मोडण्याची भाषा तरी समाजाला सापडेल.

३०/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठीही यात एक काम आहे. आपली दृष्टी सोहळ्यांवर खिळते, कारण सोहळ्यांची छायाचित्रे असतात, तारखा असतात. वसतिगृहाचे अंगण झाडणाऱ्या शिक्षकाचे छायाचित्र कोणी काढत नाही. पूर्व विदर्भातील गावांत कधी काळी अमरावतीहून ‘विशारद’ होऊन आलेले कोणते शिक्षक होते, त्यांनी कोणत्या शाळेत खांब रोवला, तो खांब कधी उखडला गेला, याच्या नोंदी शाळांच्या हजेरीपटांत आणि वृद्धांच्या आठवणींत विखुरलेल्या असणार. त्या गोळा करायला मोठे अनुदान लागत नाही. आणि वेळ मात्र फार उरलेला नाही.

३१/
१९३६ च्या बर्लिनमध्ये आपण जगाला थक्क केले आणि घरी परतलो. ओकिनावाच्या माणसांनी जगाला थक्क केल्यावर तेथेच खोली भाड्याने घेतली. कोणतीही कला जगभर जावी असे वाटत असेल, किंवा नुसती शेजारच्या तालुक्यात जावी असे वाटत असेल, तरी विचारण्याचा प्रश्न एकच आहे : प्रयोग संपल्यावर मागे कोण राहणार?

#इतिहास #मल्लखांब #गोंदिया #झाडीपट्टी